एकरकमी म्हणजे नक्की कितींदा?

पुतण्या निफाड तालुक्यातून सकाळच्या एसटीनं आला, तो खिशात चार घड्या घातलेली, थकलेल्या कर्जाबद्दलची बँकेची नोटीस घेऊनच. चहा व्हायच्या आधीच ती माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "नाना, तुम्ही मराठीचे मास्तर. हे 'एकवेळ' म्हंजी कितींदा?"

मला हसू आलं, पण प्रश्न अगदी बरोबर होता. मराठी माणूस 'एकवेळ' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं? 'एकवेळ उपाशी राहीन, पण त्याच्या दारात जाणार नाही.' म्हणजे 'प्रसंगी', 'वेळ आलीच तर'. नाहीतर मग एकवेळचं जेवण. नोटिशीत मात्र ठळक अक्षरांत छापलं होतं, 'एकवेळ समझोता'. कानाला सवय असेल तसं वाचलं तर बँक म्हणते आहे, एकवेळ समझोता करू, पण पैसे सोडणार नाही. पुढचा मजकूर वाचल्यावर हा अर्थ फारसा चुकीचा नव्हता हेही कळलं.

त्याच कागदावर दोन ओळी खाली 'एकरकमी परतफेड' होतं. शेवटच्या परिच्छेदात 'सामोपचार योजना' आली. शाखेत जाऊन विचारलं तेव्हा साहेबांनी 'ओटीएस', म्हणजे 'वन टाइम सेटलमेंट', सांगितलं होतं. थकबाकीत थोडी सवलत द्यायची आणि उरलेली एकदम भरून घेऊन कर्ज मिटवायचं. व्यवहार एक आणि नावं चार. घरात मूल जन्मल्यावर आत्याही इतकी नावं सुचवत नाही.

मी आयुष्यभर शब्द शिकवले म्हणून हे मला खुपतं, असं कुणी म्हणेल. पण इथे शब्द चुकला की पैसे चुकतात. 'एकरकमी' या एका शब्दात आपण तीन वेगवेगळी आश्वासनं कोंबली आहेत. पहिलं, पैसे एकदाच मिळतील, पुन्हा नाही. दुसरं, सगळे पैसे एकाच वेळी मिळतील, तुकडे होणार नाहीत. तिसरं, आकडा आधीच ठरला, पुढे मोजमाप, वजन, दिवस काहीही निघो, तो बदलायचा नाही. तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेलच असं नाही. एखादी रक्कम एकदाच मंजूर होते आणि मिळते पाच तुकड्यांत. एखादी एका दमात मिळते, पण आकडा शेवटपर्यंत हलता असतो. आणि या गोंधळाचा फायदा, माझ्या पाहण्यात तरी, नेहमी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला झाला आहे.

इंग्रजांचं या बाबतीत आपल्यापेक्षा बरं आहे असं नाही. त्यांच्या 'लम्प सम'मधला 'लम्प' म्हणजे गोळा, आकार नसलेला ढेकूळ. 'सम' आला लॅटिन 'सुम्मा'वरून, त्याचा अर्थ सर्वात वरचं. रोमन लोक आकड्यांची बेरीज आपल्यासारखी तळाशी न लिहिता रकान्याच्या माथ्यावर लिहीत, म्हणून वरचं ते एकूण. गोळा आणि बेरीज! आपल्याकडे 'गोळाबेरीज' हा शब्द तयारच आहे की. पण मराठीनं त्याला वेगळ्या वाटेनं नेलं. आपल्या गोळाबेरजेत अंदाज आहे, ढोबळपणा आहे, थोडा संशयही आहे. 'गोळाबेरीज सांगू नका, हिशोब दाखवा' असं आपण म्हणतो. इंग्रजीत जो शब्द करारनाम्यात बसला, तोच मराठीत कराराआधीच्या गप्पांत राहिला. मला यात मराठी माणसाची व्यवहारबुद्धी दिसते.

हिंदीतला 'एकमुश्त' आता आपल्या फलकांवरही डोकावतो. तो फारसी 'यकमुश्त'. मुश्त म्हणजे मूठ, संस्कृत 'मुष्टी'चीच बहीण. एका मुठीत मावेल ते एकदम. चित्र सुंदर आहे, पण मूठ कुणाची, देणाऱ्याची की घेणाऱ्याची, ते हा शब्द सांगत नाही.

आपला 'रक्कम' हा शब्द अरबी 'रकम'वरून फारसीमार्गे आला. अरबीत त्याचा अर्थ खूण, लिहिणं, अंक. आजही अरब माणूस आकड्याला 'रकम' म्हणतो आणि उर्दूत 'रकम करना' म्हणजे लिहून काढणं. मराठीत येईपर्यंत लिहिलेला आकडा पैसा झाला. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दरबारातले बरेच शब्द बदलले, पण वसूल, बाकी, जमा, खर्च, कर्ज, हप्ता यांना कुणी हलवू शकलं नाही. पैशाची भाषा चिवट असते. त्या ओळीत संस्कृतातून आलेला 'व्याज' बसला आहे, त्याचा मूळ अर्थ मात्र बहाणा, कपट. म्हणूनच निष्कपट प्रेमाला आपण 'निर्व्याज' म्हणतो. सावकाराच्या वहीत हा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज पडली नसावी.

आता ज्या शब्दासाठी मी हा सगळा खटाटोप करतो आहे त्याकडे येतो. तो शब्द 'उक्तं'.

डिसेंबर-जानेवारीत निफाड, चांदवड, येवल्याच्या कुठल्याही शिवारात जा. उन्हाळ कांद्याच्या लागणीची घाई असते. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून मजुरांच्या टोळ्या पिकअपमधून उतरतात. बांधावर पहिला प्रश्न असतो, रोजानं की उक्तं? रोज म्हणजे दिवसाचे पैसे, काम कितीही होवो. उक्तं म्हणजे एकराचे अमुक इतके, मग दोन दिवस लागोत की चार. उक्तं घेतलं की टोळी अंधार पडेपर्यंत वाकून रोपं दाबत राहते आणि शेतकरी बांधावरून 'अंतर बघा, अंतर' असं ओरडत राहतो, कारण घाईत रोपं विरळ पडतात. दोघांनाही ठाऊक असतं की उक्त्यात कुणीतरी थोडं हरणार. वाफे तण धरलेले निघाले, पाणी उशिरा आलं, तर टोळी हरली. लागण पातळ झाली तर शेतकरी हरला. पण काय हरू शकतो ते दोघांनी रान बघून, पायांनी बांध मोजून, समोरासमोर बोलून ठरवलेलं असतं. सिन्नरकडे कोथिंबिरीचा प्लॉट उक्ता देतात तेव्हाही हेच. व्यापारी रानात फिरतो, चार काड्या उपटून बघतो, आकडा बोलतो. उद्या बाजार चढला तरी शेतकऱ्यानं हळहळायचं नाही, पडला तर व्यापाऱ्यानं पाठ फिरवायची नाही. निदान तसं अपेक्षित असतं, पाठ फिरवणारेही असतातच.

'उक्तं' म्हणताना माझ्या कानाला संस्कृत 'उक्त' ऐकू येतं, बोललेलं. बोललो म्हणजे ठरलं. शहरातल्या लोकांना हा शब्द रंगाऱ्यामुळे किंवा गवंड्यामुळे माहीत असतो, पण त्याला सरकारी कागदात जागा नाही. तिथे 'ठोक' आहे. 'ठोक मानधन' या जोडशब्दात मान कुठे आणि धन कुठे, हे दहा-दहा वर्षं त्यावर काम केलेल्यांना विचारावं. उक्त्याला दोन माणसं लागतात. 'ठोक'ला एक पुरतो.

ऊसवाल्यांनी मात्र 'एकरकमी' हा शब्द रस्त्यावर आणला आणि त्याला धार दिली. 'एकरकमी एफआरपी' ही घोषणा आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा, केंद्र सरकारनं ठरवलेला किमान दर. यात मागणी नवीन काहीच नव्हती, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशातच लिहिलं आहे की ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. तरीही राज्य सरकारनं २१ फेब्रुवारी २०२२ला निर्णय काढून एफआरपीचे दोन तुकडे केले. पहिला हप्ता ठरावीक उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्यावर, धरायचा, पुणे आणि नाशिक महसूल विभागांसाठी १० टक्के, बाकी विभागांसाठी साडेनऊ. हंगाम संपला, खरा उतारा कळला, की उरलेले पैसे. मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये हा निर्णय रद्द केला. माझ्या दृष्टीनं त्या निकालाचं मोल ऊसदरापुरतं नाही. 'एकरकमी'च्या तीन अर्थांपैकी दुसरा, तुकडे करायचे नाहीत हा, त्या निकालानं कायद्याच्या बळावर शेतकऱ्याच्या पदरात टाकला.

कारखान्यांचं म्हणणं मी ऐकलेलं आहे. साखर वर्षभर विकली जाते, पैसे महिन्या-महिन्यानं येतात आणि ऊस चार-पाच महिन्यांत येऊन पडतो, मग एवढी रक्कम एकदम आणायची कुठून? अडचण खरी आहे. पण हीच अडचण घेऊन माझा पुतण्या बँकेत गेला तर? त्याचा कांदा एप्रिलमध्ये निघतो, तो साठवणीच्या कांदाचाळीत भरतो, ऑगस्टमध्ये थोडा विकतो, ऑक्टोबरात थोडा, त्यात निम्मा सडतो. त्याचेही पैसे तुकड्यांत येतात. त्याच्याकडे मात्र बँक थकबाकी एकरकमी मागते आणि ठरलेल्या तारखेपर्यंत भरली नाही तर सवलत रद्द. २०१७च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखावरच्या थकबाकीदाराला असाच 'एकवेळ समझोता' होता. वरची रक्कम शेतकऱ्यानं आधी स्वतः भरायची, मग सरकारचे दीड लाख. ज्याच्याकडे वरची रक्कम भरायला असती तो थकबाकीदार कशाला झाला असता, हा प्रश्न तेव्हा आमच्या गावच्या पारावर रोज विचारला जायचा. काहींनी सावकाराकडून काढून भरले. बँकेच्या वहीतलं कर्ज फिटलं, सावकाराच्या वहीत उगवलं.

सरकारनं द्यायची वेळ आली की काय होतं, तेही नाशिककरांनी पाहिलं आहे. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा कवडीमोल झाला, तेव्हा क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असं 'सानुग्रह अनुदान' जाहीर झालं. म्हणजे फार तर ७० हजार. 'सानुग्रह' हा शब्द नीट वाचा. अनुग्रहासह, कृपा करून. हक्क नाही, मेहेरबानी. आणि ही मेहेरबानीही टप्प्याटप्प्यानं आली. एकदाच द्यायची, पण एकदम नाही. पहिला अर्थ पाळला, दुसरा मोडला आणि कुणाला जाब विचारता येईना, कारण कागदावर खोटं काहीच नव्हतं.

समृद्धी महामार्ग इगतपुरी-सिन्नरमधून गेला, तेव्हा आणखी एक शब्द घराघरात शिरला, 'दिलासा रक्कम'. भूसंपादनाच्या कायद्यात जमिनीच्या किमतीवर द्यायची ही वाढीव रक्कम. १८९४च्या कायद्यात ती सुधारणेनंतर ३० टक्के होती, २०१३च्या कायद्यानं १०० टक्के केली. दिलासा हा फारसी शब्द, दिल म्हणजे मन, मनाचं सांत्वन. इंग्रजी कायद्यातला 'सोलेशियम' हा शब्दही लॅटिनमधल्या सांत्वनावरूनच आलेला. दोन साम्राज्यांच्या दफ्तरांना जमीन गेल्यावर एकच गोष्ट सुचली याचं मला आश्चर्य वाटतं आणि थोडं बरंही वाटतं.

याच २०१३च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक पर्याय आहे. प्रकल्पबाधित कुटुंबानं नोकरी घ्यावी किंवा पाच लाख रुपये एकदाच घ्यावेत, नाहीतर २० वर्षं महिन्याला किमान दोन हजार. आता कागद-पेन्सिल घ्या. दोन हजार गुणिले २४० महिने, चार लाख ऐंशी हजार. वीस वर्षं वाट पाहून पाच लाखांहून कमी! तेच पाच लाख सहा टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला अडीच हजार व्याज आणि मुद्दल शाबूत. आता एकरकमीच बरं असं कुणीही म्हणेल. पण अनुसूचीत पुढे म्हटलं आहे की महिन्याची रक्कम शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाबरोबर वाढेल. महागाई पाच टक्क्यांनी चालली तर चौदा-पंधरा वर्षांत दोन हजारांचे चार हजार होतील आणि अडीच हजार मात्र अडीच हजारच राहतील. सगळा निर्णय या एका वाक्यावर फिरतो. गावात पर्याय सांगायला येणारा माणूस हे वाक्य वाचून दाखवतो का? 'एकदम घेता की हप्त्यानं?' एवढंच विचारलं जातं. आणि 'हप्ता' म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे वीजबिल, ट्रॅक्टरचं कर्ज आणि नाक्यावरचा दादा येतो. मूळचा बिचारा साधा, फारसी 'हफ्त' म्हणजे सात, आपल्या सप्ताहाचा भाऊ.

म्हणून एकरकमी नेहमीच चांगली, असं मी म्हणणार नाही. जमिनीचे पैसे सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात एकदम पडतात. मग दारात गाडी येते, लग्न दणक्यात होतं, मेहुण्याला उसने जातात. लोक त्यांना हसतात, मला हसू येत नाही. जन्मभर ज्याच्या हाती कधीही वर्षभराच्या खर्चाहून जास्त पैसा आला नाही, त्याला तीन पिढ्यांचं मोल एका दुपारी मोजून द्यायचं आणि मग त्याला उधळ्या म्हणायचं? त्या घरातल्या बायकांना विचारलं असतं तर कित्येकींनी महिन्याचं मागितलं असतं. विचारणारं कोण आहे?

मी स्वतः निवृत्त झालो तेव्हा निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकदम पैसे घेता येतात, हे 'अंशराशीकरण' नावाच्या अर्जातून कळलं. मराठीचा शिक्षक असूनही तो शब्द मी दोनदा वाचला. कापलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो, हे मला कार्यालयानं सांगितलं नाही, शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी सांगितलं. त्याच पाकिटात 'उपदान' होतं, म्हणजे ग्रॅच्युइटी. उपदानात दान आहे आणि मूळ इंग्रजी शब्दातही कृपेचाच वास. निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं नाकारा खटल्यात १९८२मध्येच बजावलं. शब्दांपर्यंत तो निकाल पोचलेला नाही. सातपूर-अंबडच्या कामगारांनी मात्र यावर आपला उपाय काढला. ते उपदान म्हणत नाहीत आणि एकरकमीही म्हणत नाहीत. 'फुल-फायनल झालं' म्हणतात. त्यात पैशाइतकंच दार बंद झाल्याचंही ऐकू येतं.

मला हवं ते फार अवघड नाही. नोटीस असो, शासन निर्णय असो की भूसंपादनाचा पंचनामा, जिथे 'एकरकमी' लिहाल तिथे खाली तीन ओळी साध्या मराठीत लिहा. आकडा किती आणि तो बदलू शकतो का. सगळा एकाच दिवशी की तुकड्यांत, तुकड्यांत असेल तर तारखा. आणि यानंतर पुन्हा काही द्यायचं-घ्यायचं राहतं का. बांधावरचा मुकादम या तिन्ही गोष्टी बोलल्याशिवाय टोळी रानात उतरवत नाही. जिच्याकडे वकील आहेत त्या संस्थेला एवढं जमू नये? आणि जी यंत्रणा स्वतः तुकड्यांत देते, तिनं समोरच्याकडून एका दमात मागताना निदान त्याच्या पिकाची तारीख बघून मुदत ठेवावी. 'सामोपचार' म्हणता ना? साम, दाम, दंड, भेद यातला पहिला साम. नोटिशीत मात्र सामानंतरच्या पुढच्याच वाक्यात लिलाव होता.

नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा छापतात. एक रुपयाची सोडली तर प्रत्येक नोटेवर धारकाला अमुक रुपये देण्याचं वचन असतं, ते आकड्यात असतं आणि अक्षरातही, शिवाय मागच्या बाजूला मराठीसकट पंधरा भाषांत रक्कम. एवढ्याशा कागदावर इतकी खबरदारी!

पुतण्याची नोटीस मी तिसऱ्यांदा वाचली. रक्कम होती, शेवटची तारीख होती, कारवाईची कलमं होती. भरल्यानंतर काय, ते नव्हतं. सातबाऱ्यावरचा बोजा किती दिवसांत उतरणार, दाखला कधी मिळणार, एक अक्षर नाही. पूर्वी याला 'बेबाकी दाखला' म्हणत. बे-बाकी, काही शिल्लक नाही. पुतण्याला हा शब्द ठाऊक होता, पण भलत्याच अर्थानं. टीव्हीवर कुणी बेधडक बोललं की त्याला बेबाक म्हणतात ना, तो. हिंदीतला तो बेबाक वेगळा, निर्भय अशा अर्थाचा. मी दोन्ही समजावून सांगितले. त्यानं नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. 'रक्कम भरल्यापासून किती दिवसांत बेबाकी दाखला मिळेल व बोजा कमी होईल, ते लेखी कळवावे.' दुपारच्या गाडीनं तो निफाडला परत गेला, वाटेत शाखेत उतरला. संध्याकाळी फोन आला.

"नाना, साहेब म्हणे, अर्ज घेतो, पण बेबाकी म्हंजी काय ते आधी सांगा."